वाडीपुरती शाळा

कैलास म्हसकर सरकारी मास्तर झाला तेव्हा त्याच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. डी.एड. पोरवयातच झालेलं, पण भरती निघेल निघेल म्हणताना वर्षं गेली आणि पोटाला तर रोज लागतं. म्हणून तो अंबरनाथच्या एमआयडीसीत हरेशशेठच्या कारखान्यात प्लास्टिकच्या मशीनवर उभा राहिला. टमरेलं, मग, डब्यांची झाकणं. पालेगावच्या घरी बायको प्रतिभा त्याला चिडवायची, "मास्तर, आज किती मग पास झाले नि किती नापास?"

हरेशशेठ उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला सिंधी. मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकाच कढईत परतून बोलायचा. त्यानं कैलासला मशीन नुसतं चालवायला दिलं नाही, समजावून दिलं. "म्हसकर, तू पीस नको बघू. डाय बघ. पीस बिघडला तर एक बिघडला. डाय बिघडली तर लाख बिघडले, समझा?" डाय म्हणजे पोलादाचा साचा. दोन पाकळ्यांचा, साखळीनं उचलावा लागणारा. पातळ झालेलं प्लास्टिक त्यात शिरतं, थंड होतं, पाकळ्या उघडतात आणि वस्तू खाली पडते. वस्तू नीट सुटावी म्हणून तिचा आकार आधीच कसा ठरवावा लागतो, हे कैलास तिथं शिकला आणि त्याला त्याची गोडी लागली. बाजारात गेला तरी बादली उलटी करून तिचं बूड बघत बसायचा. प्रतिभाला लाज वाटायची.

मग अचानक भरती निघाली आणि नेमणूक मिळाली ती बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, सावरवाडीत. ठाकर आदिवासींची वाडी. एक खोली, एक पडवी, एक मास्तर आणि चौथीपर्यंतची मिळून अकरा पोरं. पहिल्या दिवशी चढण चढून तो धापा टाकत पडवीत बसला, तर मधू नावाचं एक पोरगं कमरेवर हात ठेवून म्हणालं, "गुरजी, तुमी ऱ्हाणार का तुमी पन जाणार?"

"राहणार," कैलास म्हणाला.

"मागले बी असंच बोलले व्हते."

कैलास राहिला. पालेगावहून मोटारसायकलीनं पायथ्यापर्यंत, पुढं पायी. वाडीनं त्याला आपला म्हटलं. पण शाळेच्या मानेवर सुरी होती. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा पायथ्याच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं वरून चाललं होतं. कधी जोर धरायचं, कधी थंड व्हायचं. कैलासला रात्रंदिवस तेवढंच. ही शाळा गेली तर ही पोरं डोंगर उतरून रोज शाळेत जायची नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पायथ्याच्या शाळेत वाडीतली चार पोरं आधी घातली होती, त्यातलं एकही टिकलं नव्हतं.

त्याच्या मनानं घेतलं की शाळेचं नाव झालं पाहिजे. बदलापूरला कात्रपच्या एका शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं. तिथं सावरवाडीच्या पोरांनी असं काही मांडावं की साहेब लोकांच्या ध्यानात राहील. ज्वालामुखी आणि पवनचक्क्या सगळेच मांडतात. कैलासकडं एकच गोष्ट अशी होती जी तालुक्यातल्या दुसऱ्या मास्तराकडं नव्हती. लाखाच्या हिशोबानं निघणारी वस्तू कशी आखायची, हे त्याला येत होतं.

सुरुवात खिचडीपासून झाली. शाळेची खिचडी राहीची आई रंजना रांधायची. राही तिसरीत होती, सडपातळ, डोळ्यांनी वस्तू टोकरणारी. कैलासनं सगळ्यांना जेवायच्या आधी थांबवलं. एका वाटीत खिचडी दाबली, एका उभ्या पेल्यात दाबली. वाटी ताटात उपडी मारली. मूद निघाली. पेला मारला, काही नाही. हलवला, बुडावर थापट्या मारल्या, शेवटी अर्धी खिचडी बाहेर आली, तीही मोडून.

"का निघाली नाही?"

"भूक लागली गुरजी," मधू म्हणाला.

"वाटी तोंडाशी मोठी हाय," राही म्हणाली. "पेला सारखाच हाय. घासत येतं ना ते, म्हून."

"शाब्बास. याला म्हणायचं ढाळ. साच्याला ढाळ नसला की वस्तू आत चिकटून बसते."

रंजना चुलीपासून ओरडली, "गुरजी, शिकवा नायतर खावा. खिचडीची पार माती केलीत."

पण पोरांना खेळ मिळाला. त्या आठवड्यात वाडीतलं एक भांडं उपडं व्हायचं राहिलं नाही. चिखलाच्या मुदी, शेणाच्या मुदी. कोणाच्या तरी आजीनं पितळी गडव्यातून चिखल खरवडता खरवडता मास्तराचा उद्धार केला.

वस्तू कोणती करायची, हे राहीनं काढलं. वाडीच्या बाया खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणतात. चढणीला हंडा हिंदकळतो, पाणी मानेवरून पाठीत उतरतं. म्हणून बाया हंड्यात पळसाचं पान टाकतात. पान पाण्यावर तरंगतं, पाणी शांत राहतं. पण पानं झडली की मग काय हाताला लागेल ते, तुटकं झाकण नाहीतर प्लास्टिकची पिशवी. "पानाऐवजी एक चकती करूया," राही म्हणाली.

मधूनं पाटीवर जी चकती काढली तिला कडी होती, मूठ होती, वर मोर होता आणि मोराखाली त्याच्या आईचं नाव होतं.

"मोर साच्यातून सुटेल का?" कैलासनं विचारलं.

"मान मोडंल त्याची."

"कडी वेगळी लावायला एक माणूस लागेल की नाही? लाख चकत्यांना लाख वेळा तोच हात. काढ कडी. आणि आईचं नाव?"

"ते ऱ्हाऊ द्या ना, गुरजी."

"नाव घातलंस की ती तुझ्या आईचीच झाली. राहीची आई कशाला घेईल?"

मधूनं थुंकी लावून नाव पुसलं. तोंड मात्र दिवसभर फुगवून बसला.

असं एकेक गळत गेलं. हंड्यांची तोंडं लहानमोठी, म्हणून अखंड गोल जाऊन तीन पाकळ्यांचं फूल आलं, जे कुठल्याही तोंडातून आत जाईल. वरची बाजू नि खालची बाजू सारखी, म्हणजे अंधारात टाकली तरी चुकायचं नाही. एकावर एक चपखल बसणारी, म्हणजे पोत्यात जास्त मावतील. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा नमुना देऊनं कोरून दिला. देऊ म्हणजे राहीचा बाप, शाळा समितीचा अध्यक्षही तोच. कोरताना म्हणाला, "गुरजी, येवढ्याशा फुलासाठी पोरगी माजं डोस्कं खाती. हितं जाड नको, तितं पातळ नको. माजी सासू बरी."

नमुना घेऊन पोरं हरेशशेठच्या कारखान्यात गेली. अकराही. आयुष्यात पहिल्यांदा मशीन पाहिलं. पाकळ्या उघडल्या, लाल मग टपकन पडला. पुन्हा मिटल्या, पुन्हा टपकन.

"गुरजी, ही अंडी घालती!" मधू किंचाळला.

हरेशशेठ पोट धरून हसला. "साईं, हे आमच्या बापानं कधी बोललं नाही." मग त्यानं ती लाकडी चकती हातात घेतली, फिरवली, कडेवरून अंगठा नेला. बराच वेळ. "म्हसकर, डिझाइन एकदम बरोबर आहे रे. कुठे अटकणार नाही. एका टायमाला चार चार निघतील."

पोरं एकमेकांना ढुशा मारायला लागली. राही पुढं झाली. "मंग कधी काढता?"

"किती पाहिजे, बेटा?"

राहीनं वाडीतली घरं मनात फिरून घेतली. "समदे हंडे धरले तं शंभर व्हतील."

हरेशशेठनं कैलासकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. स्टूल ओढून पोरीसमोर बसला. "हे बघ. एक पीस काढायचा तरी डाय पूरी बनवावी लागते, लाख काढायचे तरी तीच डाय. लाख निघाले तर डायचा खर्चा एकेकाच्या वाट्याला चिमूटभर. शंभरच निघाले तर तुझी चकती सोन्याच्या भावात जाईल. कोण घेणार?"

"मंग आमच्या वाडीपुरती नाय व्हायची?"

"वाडीपुरतं कोणी नाही बनवत, बेटा. परवडत नाही."

त्यानं सगळ्यांना एकेक मग दिला.

पोरांचे उतरलेले चेहरे कैलासला बघवेनात. त्याच्याजवळ त्यावर एकच औषध होतं, शिकवणं. दुसऱ्या दिवशी त्यानं फळ्यावर मोठी डाय काढली, त्याखाली नगांच्या रांगा. आणि नग वाढले की डायचं ओझं कसं वाटलं जातं, नग कमी पडले की ते कसं अंगावर येतं, हे घोटून घोटून सांगितलं. यात कोणाचा दोष नसतो, म्हणाला. हिशोबच तसा असतो.

राही बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "लग्नाच्या मांडवावानी, ना? पाच मानसं जेवली तरी मांडव येवढाच, सारी वाडी जेवली तरी येवढाच. म्हून मोप मानसं बोलवायची."

कैलासला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी गेल्यावर त्यानं तो मांडव प्रतिभाला दोनदा ऐकवला.

प्रदर्शनात राहीनं तो सगळा हिशोब कात्रपच्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात मांडला. तालुक्याच्या शिक्षण विभागातल्या मीनल मॅडम टेबलासमोरून हलेनात. जाताना त्या कैलासला बाजूला घेऊन म्हणाल्या, "म्हसकर सर, तुमच्या शाळेचा निर्णय माझ्या अहवालावर आहे. मला तुमच्या बाजूनं लिहायचंय. पण पालकांचं म्हणणं घ्यावं लागेल. त्यांनी 'शाळा इथंच हवी' असं ठाम सांगितलं, तर मी पुढं रेटू शकते."

कैलासनं तिथूनच प्रतिभाला फोन लावला. "शाळा वाचली म्हण."

मॅडम वाडीत आल्या त्या दिवशी पडवी भरली होती. कैलासनं देऊला आधीच पढवलं होतं. बाकी काही बोलू नकोस, शाळा हितंच पायजे एवढंच म्हण. देऊ म्हणाला, येवढं तं मला दारू पिऊन पन बोलता येईल.

मॅडमनी दोन्ही बाजू सरळ सांगितल्या. पायथ्याच्या शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक आहेत, संगणक आहेत, न्यायला टेम्पो येईल. पण तुम्ही नको म्हणालात तर मी तसंच लिहीन. मग त्या पोरांकडं वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"नको," मधू म्हणाला. "तितली पोरं आमाला जंगली बोलतात. मी एकाला चावलो पन व्हतो."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "आणि तू गं राही? तू काय म्हणशील?"

राहीनं कैलासकडं पाहिलं. त्यानं हसून मान हलवली, बोल. मोठ्या माणसांसमोर ताठ उभं राहून मोठ्यानं बोलायचं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. ती ताठ उभी राहिली.

"शाळा म्हंजे डाय, मॅडम. खोली हाय, फळा हाय, गुरजी हायेत, खिचडीची चूल हाय. पोरं शंभर असली तरी येवढंच लागतं, अकरा असली तरी येवढंच. आमी अकराच नग. अकरा नगांला डाय परवडत नाय. वाडीपुरतं कोनी नाय बनवत."

एकही अक्षर चुकलं नव्हतं.

मीनल मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "किती समजूतदार आहे ही," त्या हळू म्हणाल्या.

"राही, अगं," कैलास उठला, "पोरं म्हणजे नग नसतात."

"मंग?" राहीनं विचारलं. उद्धटपणानं नव्हे, तिला खरंच कळायचं होतं.

कैलासनं तोंड उघडलं. आजवर प्रत्येक गोष्टीला त्याच्यापाशी काहीतरी दाखवायला होतं. वाटी होती, पेला होता, चिखल होता. या एका गोष्टीला हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "शाळेचं तसं नसतं. शाळेत हिशोब... म्हणजे हिशोब असतो, पण तो..." आणि तिथंच अडकला. बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

देऊचा ऊर भरून आला होता. आपली पोर सायबाबाईसमोर अशी बोलते, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं. तो उठून म्हणाला, "मॅडम, पोर बराबर बोलती. गुरजींनीच शिकवलंय. गुरजी आमाला वाईट शिकवायचे नायत. सरकार तरी अकरा पोरांवर किती घालवंल? टेम्पो येनार आसंल तं जातील पोरं."

"देऊ, आपलं काय ठरलं होतं?" कैलास कळवळून म्हणाला.

"ठरलं व्हतं, गुरजी. पन तवा मला ह्यो हिशेब ठावा नव्हता."

टेम्पो आला तर पोरं पाठवायची कोणाकोणाला मान्य, असं मॅडमनी विचारलं आणि हात वर झाले. आधी देऊचा, मग बाकीच्यांचे. मधूच्या आईनं शेवटी केला, तोही अर्धाच.

शाळा मोडली. कैलासची बदली त्याच पायथ्याच्या शाळेत झाली. टेम्पो सुरुवातीला आला, मग कधी यायचा, कधी बंद पडायचा. पोरं एकेक करून गळली. मधू गुरांमागं गेला. राही मात्र यायची. टेम्पो नसला तर चालत यायची आणि मागच्या बाकावर बसायची. तिथं एका वर्गात इतकी पोरं की वर्गशिक्षकाला महिनाभर तिचं नाव माहीत नव्हतं. दिवाळीनंतर तीही दिसेनाशी झाली.

का, ते कैलासला वाडीत गेल्यावर कळलं आणि तो कपाळाला हात लावून त्या बंद शाळेच्या पायरीवर बसला. वाडीतली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. आजवर देऊ एकटा जायचा. खिचडीचं काम होतं म्हणून रंजना वाडीत राहायची आणि आई राहायची म्हणून राही. शाळेबरोबर चूल गेली. आता तिघंही भट्टीवर गेली होती.

भट्टी वांगणीच्या अंगाला, नदीकाठी. कैलास रविवारी गेला. राही ओल्या विटांच्या रांगेत वाकलेली होती, हाताला कोपरापर्यंत माती. मुकादमानं कौतुक केलं, "हात बसलाय पोरीचा. एक वीट वाकडी नाही." कैलासला ते ऐकवलं नाही.

रंजनानं कोरा चहा दिला. कैलास बोलायला लागला. घरून प्रतिभाशी ठरवूनच आला होता. राहीनं पालेगावात त्यांच्या घरी राहावं. त्यांना मूल नाही, जागा आहे. सकाळी त्याच्याच मोटारसायकलवर शाळेत, संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी. रविवारी तो तिला आईबापाकडं भेटायला नेईल.

देऊनं चहाचा पेला खाली ठेवला. "मी वाटेला आडवा यायचा नाय, गुरजी," तो म्हणाला. रंजनानं पदरानं डोळे पुसले आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "जा गं. वैनी चांगल्या हायेत."

राहीनं मातीचे हात फ्रॉकला पुसले. "वाडीतली अजून कोन येनार?"

"कोणी नाही. तूच."

"मी एकलीच?"

"हो."

तिनं थोडा विचार केला. फळ्याकडं बघताना करायची तसाच, कपाळाला बारीक आठी घालून. मग समजुतीच्या सुरात, लहान भावाला सांगावं तसं म्हणाली, "एकलीसाठी येवढं कशाला, गुरजी? जायचं, यायचं, जेवन, वैनींना तरास. परवडायचं नाय."

"परवडेल, राही. मी सांगतो ना, परवडेल."

ती हसली. गुरुजींची बेरीज चुकली आणि पोरांसमोर ते बोलून दाखवायचं नाही, असं ठरवल्यासारखी. "चा प्या, गुरजी, निवंल," म्हणाली आणि उठून रांगेकडं गेली.

कैलासनं तिला दोनदा हाक मारली. तिनं दोन्ही वेळा ओ दिली, पण आली नाही. ऊन चढत होतं आणि ओल्या विटा ऊन तापायच्या आत उलटाव्या लागतात.